साक्षीतल्या पाण्याची पातळी

बारामती, सोमवार

मित्रवर्य सर्जेराव, मुक्काम पळसदेव, यांस शांतवनचा प्रभूच्या नावात सलाम. (तुमच्या सोयीसाठी रामरामही घ्या, दोन्ही एकाच पाकिटात बसतात.) जयवंतावहिनींचा गुडघा कसा आहे? कारखान्याच्या टोळीने तुमचा ऊस एकदाचा नेला की अजून ती "उद्या येतोच" म्हणतेय? माझी तब्येत ठणठणीत आहे, अब्रूबद्दल मात्र आज काही सांगता येत नाही. फोन सोडून हा शाईचा खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझा फोन सध्या पोरांच्या ताब्यात आहे. गेम खेळायला नव्हे, तपासाला. कॉलही ऐकतात म्हणे, म्हणून हे पत्र.

झालं असं, की आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, आले आहेत. तरुण, हसतमुख, आणि दर पंधरा दिवसांनी कुठल्या तरी शिबिराला जाऊन नवी कल्पना घेऊन येणारे. यंदाची कल्पना अशी, की संडे स्कूलच्या पोरांना हल्ली नुसतं "विश्वास ठेवा" म्हणून भागत नाही, ती "कशावरून?" विचारतात. (आपल्या वेळी "कशावरून" विचारलं की छडी मिळायची आणि विश्वास आपोआप बसायचा.) तर आता आपल्या विश्वासाचा बचाव गुप्तहेरांच्या गोष्टी सांगून शिकवायचा. मी बावीस वर्षं पोलीस खात्यात रायटर होतो, म्हणजे लोकांचे जबाब लिहून घ्यायचो, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. झालं, पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, "रिकाम्या कबरेचा गुन्हा" (क्रुसावर मेलेल्या येशूचा देह तिसऱ्या दिवशी कबरेत का नव्हता, तो) उलगडायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. एवढ्या नोकरीत एकही गुन्हा माझ्याने उलगडला नव्हता, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही मोठेपणाने सांगितलं नाही.

पण सर्जेराव, रंगलं हो! पाळकसाहेबांच्या रिकाम्या गोठ्यात कबर केली, तोंडाला धोंडा म्हणून ट्रॅक्टरचं फाटकं टायर लावलं, आणि पोरांनी सरळ पंचनामा सुरू केला. शास्त्रात लिहिल्याप्रमाणे प्रभूच्या डोक्याचा रुमाल घडी करून वेगळा ठेवलेला सापडला, तर ऋषिराज नावाचं एक एवढंसं पोरगं म्हणालं, "चोर कधी घड्या घालत बसतो व्हय?" मी भारावून गेलो. मग मी त्यांना माझ्या नोकरीतलं सगळं ज्ञान एका वाक्यात दिलं: चार साक्षीदार शब्दाला शब्द सारखं बोलले तर ते पढवलेले समजा, आणि बारीकसारीक फरक असेल तर खरे. म्हणून येशूची हकिगत सांगणाऱ्या एका शुभवर्तमानात कबरेपाशी एक देवदूत आहे आणि दुसऱ्यात दोन, यात घाबरण्यासारखं काही नाही. पोरांनी हे वहीत लिहून घेतलं. ते लिहू द्यायला नको होतं.

आमच्यात "साक्ष" म्हणजे कोर्टातली नव्हे. प्रभूने आपल्याला कशातून तारलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. तिथे उलटतपासणी नसते, आमेन असतं. माझी साक्ष तुम्हाला ठाऊकच आहे: बारा वर्षांपूर्वीचा मे महिना, उजनी धरणाचं पाणी, तुमची होडी, मी बुडालो, प्रभूचा धावा केला आणि एका हाताने मला वर ओढलं. दर सणाला सांगतो आणि दर सणाला बायका डोळे पुसतात. आता अकरा वर्षांची प्रगती, आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर, तिने माझ्या फोनमधली साक्षीची चार वर्षांची रेकॉर्डिंगं लावून ऐकली. पहिल्या वर्षी पाणी छातीला होतं. मग गळ्याला, मग डोक्यावर, आणि गेल्या साली दोन पुरुष. धरणातसुद्धा इतक्या नियमाने पाणी वाढत नाही. शिवाय तिला त्याच दिवशीचा आपला फोटो सापडला, मागे एरवी धरणात बुडालेलं जुनं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं. मला म्हणते, "सर, आख्खं देऊळ भाईर हाय, मग तुमी बुडला कुठं?"

मी हसून टाळलं. तर वही मिटून म्हणाली, "तुमची साक्ष खोटी निघाली, तर कबरेची फाईल पण परत उघडावी लागंल." सर्जेराव, आता हे टाळून चालत नाही. माझं काय, लोक चार दिवस हसतील. पण त्या पोरीने महिनाभर खपून त्या कबरेवर विश्वास ठेवलाय, तो माझ्या दोन पुरुष पाण्यात बुडायला नको. येत्या रविवारी सण आहे आणि शेवटी साक्ष माझीच आहे. असो. वहिनींना सलाम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
शांतवन

ता. क. पत्राचं खरं काम राहिलंच. कागदावर सही करून एक जबाब पाठवा, की पाणी गळ्यापर्यंत होतं. (दोन पुरुष मीच सोडून देतो, माझं मन मोठं आहे.) शब्द माझेच वापरू नका. मी शर्ट पांढरा म्हणतो, तुम्ही पिवळा म्हणा, म्हणजे खरं वाटेल.

ता. क. दुसरं. टपालाच्या तिकिटाअभावी पत्र राहिलं आणि रविवार उजाडला. मी गळाभर पाणी घेऊनच उभा राहिलो, पण पहिल्या रांगेत प्रगती पेन उघडून बसली होती. मग सांगून टाकलं. पाणी गुडघाभर होतं. होडीतून उतरताना घसरलो, पाय गाळात रुतला, तोंड चिखलात गेलं, आणि मी मरतोय असंच मला वाटलं. तेवढी भीती मात्र खरी होती. आणि कॉलर धरून ओढणारा हात पळसदेवच्या सर्जेरावांचा होता. बारा वर्षं तुमचं नाव घेतलं नाही, कारण प्रभूचा हात म्हटलं की आमेन मोठं येतं. मला त्याची लाज वाटते. या वेळी कुणीच आमेन म्हटलं नाही.

ता. क. तिसरं. चर्चमधली भक्ती सुटल्यावर प्रगतीने वही दाखवली. माझ्याच फोनवरून तिने तुमचा जबाब आठवड्यापूर्वीच घेतला होता, आणि तुम्ही त्यात "पाणी कमरंएवढं हुतं" म्हणाला आहात! मी म्हटलं, झालं, मेलो. तर ती म्हणाली, "सर्जेरावआबा तुमाला उचलाय वाकलं आसतील. वाकल्याल्याला पाणी कमरंएवढंच लागणार." आणि दोन्ही जबाबांत फरक आहे, सबब साक्षीदार खरे, असा शेरा मारून तिने दोन्ही फाईली बंद केल्या. सर्जेराव, वाकल्याबद्दल बारा वर्षांनी आभार. आता पहिला ता. क. फाडून टाका आणि कुणीही विचारलं तरी कमरेवर ठाम राहा. प्रामाणिकपणाच्या भरात गुडघ्यावर आलात, तर आपण दोघे पढवलेले साक्षीदार ठरू.