दोन डब्यायचे लाडू

२१ जाने. ७४, सोम.

गोदी आज बी लाडू न खाता घरी गेली. माह्या बालवाडीतल्या बाकीच्या लेकरायनं खाऊन बोटं चाटली, अन् हे पोट्टी भिताडाले टेकून त्यायच्या तोंडाकडं पाहून राह्यली. चार वर्साची हाये, दिसते अडीचची. केस भुरे, पोट पुढं, पाय सुजेल. पायावर बोट दाबून पाह्यलं. खड्डा पडला तो पडलाच.

बेबीच्या पायाले असाच खड्डा पडे, दुष्काळाच्या साली. माही एकच पोरगी. घरी आली तरी ते बोट धुवावं वाटलं नाई. 

२२ जाने., मंगळ.

नर्सबाई येऊन गेली. म्हणे, गोळ्या कायले देऊ, हिले खायाले पाहिजे. दाने, तीळ, गूळ. "तुमी तं लाडू देताच ना बाई?" हाव म्हणलं. बाहेरगावची बाई, तिले काय सांगू. दाने मी माह्या घरी, माह्या चुलीवर भाजते. आमच्या बौद्धवाड्यातले लेकरं खातात. माळ्याच्या गोदीले तो लाडू चालत नाई. तिच्या आजीनं पयल्याच दिवशी बजावलं होतं. आमी लाख धर्म बदलला, त्यायच्यासाठी आमी तेच.

२४ जाने., गुरु.

मळ्यात गेली होती, गोदीच्या घरी. घरी म्हणजे विहिरीपर्यंत. तिची माय शेवंता मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती, मान वर केली नाई. बोलली ते बुढीच. शेवंताची सासू. माणूस वाईट नाई, हेच वाईट. मले सावलीत बसाले सांगतलं. मंग म्हणे, "दाने दे, गूळ दे, मी घेते. तुमची चूल अन् तुमचं पानी लागलं ते चालत नाई. कोरडं चालते. तुह्यावर राग नाई वं बाई."

राग असता तं भांडली असती. मायेनं बोलून राह्यली तिच्याशी काय भांडू. दाने अन् गुळाचा खडा देऊन आली. शेवंतानं पदर लांब धरला अन् मी वरून टाकलं.

२७ जाने., रवि.

शेवंता भाजी घेऊन वाड्यात आली तवा इचारलं. दाने गोदीले देल्ले का? खाली पाहून म्हणे, माणसं मोटेवर राबतात, बुढीनं त्यायले न्याहारीले देल्ले. गूळ च्यात गेला. "गोदीले देल्ला व्हता थोडा," म्हणे. डोळे सांगून राह्यले होते का नाई देल्ला.

कच्चा माल देऊन उपेग नाई. लेकराच्या हातात गेला पाहिजे, अन् माह्या डोळ्यापुढं तोंडात.

दुपारी भांडे घासता घासता सुचलं. कोरडं चालते ना? मंग कोरडाच लाडू करते. ना चूल, ना पानी. करून पाह्याले काय जाते.

२९ जाने., मंगळ.

दोन दिवस दाने टिनावर उन्हात घातले. कालचे लाडू साफ फसले, नुसता भुगा. आज तीळ आधी कुटले, उखळात, पार तेल सुटेपर्यंत. मंग दाने. मंग किसलेलं खोबरं. गूळ शेवटी, चिरून, अन् तोही कुटला. तेलानं आपोआप गोळा झाला. मुठीत दाबला तं बसला चांगला. हात बी कोरड्या फडक्यानं पुसले, धुतले नाई.

सासूबाईनं चाखून पाह्यला. "कच्चट लागते. पन गोड हाये." मंग म्हणे, "घरात चूल असून उनात काहून भाजून राह्यली वं?" मी उखळ पुसत बसली. त्यायले समजलं असन. त्यायचं आयुष्य गेलं ह्या गोष्टी समजण्यात.

३१ जाने., गुरु.

बुढी सोता आली बालवाडीत. चौकटीबाहेर उभी. लाडू फोडला, नाकाशी नेला.

"पानी?"
"नाई लावलं."
"चूल?"
"नाई."

मंग तिनंच गोदीच्या हातात देल्ला. गोदीनं सगळा खाल्ला, खाली सांडलेले तीळ बी येचून खाल्ले. मी फळ्याकडं तोंड करून रडली. लय आनंद झाला अन् लय लाज वाटली. कोनतं आधी ते सांगता येत नाई.

बुढीनं जाता जाता सांगतलं, दुसऱ्या लाडवात मिसळू नको. म्हणून आता डबे दोन. बाकीच्या लेकरायले कच्चट आवडत नाई, त्यायचे भाजूनच. कोरड्याच्या डब्याले लाल चिंधी बांधली, चुकी नोको व्हाले.

२ फेब्रु., शनि.

मंगरूळपीरहून हे आले. तथी कचेरीत नोकरी, शनवारी येतात. दर्ग्यापाशून खजूर आणला, लाडवात घाल म्हणे. खुश होते. मंग फळीवर पाह्यलं. "हा चिंधीचा डबा कायले?"

खोटं बोलता येत नाई मले. सांगतलं.

 ताट सरकवून देल्लं.

३ फेब्रु., रवि.

सकाळी बोलले. आवाज चढवला नाई, चढवला असता तं बरं झालं असतं. "चवदा वर्साचा होतो मी. बापानं धर्म बदलून देव्हाऱ्यातले देव टोपल्यात घालून नेले तवा टोपल्याची एक बाजू मी धरली होती, सुमन. अन् आता माही बायको माह्याच घरात इटाळाचा डबा ठेवते. तो बी त्यायनं नाई ठेवला. आपन ठेवला."

मी म्हणलं, अन् पोट्टी मेली तं?

  दोघायच्या बी मनात बेबीच. पन तिचं नाव या घरात कोनी घेत नाई. दुपारच्या यष्टीनं गेले. दरवेळी लाडू नेतात, या वेळी नाई नेले. खजूर ठेवून गेले.

७ फेब्रु., गुरु.

गोदी आज हसली. रमीनं, आमच्या वाड्यातली, तिच्यापेक्षा थोडी मोठी, तिले नाकात बोलून दाखवलं म्हणून. पायाचा खड्डा लवकर भरून राह्यला, मले तरी वाटलं. कोरड्या लाडवात खजूर घातला तवापासून गोदी हात पुढं करून मागते.

पन आज रमी काय म्हणे, "बाई, चिंधीवाला डबा चांगल्यायचा अन् बिनाचिंधीचा आमचा, व्हय ना?" इतक्या सहज. रंग ओळखावा तसं. तिले हे कोनी शिकवलं नव्हतं. तिच्या मायनं नाई, गावानं बी अजून नाई. मी शिकवलं. बालवाडीच्या बाईनं. लेकरायले धरती गोल हाये ते सांगाले ठेवली मले, अन् मी हे शिकवलं.

चिंधी सोडायले हात गेला होता. पुन्हा गोदीचे पाय पाह्यले अन् राहू देल्ली.

११ फेब्रु., सोम.

झालं. जे व्हायचं ते झालं.

मी पोरायले हात धुवाले नेलं तेवढ्यात रमीनं आपला अर्धा लाडू गोदीच्या तोंडात घातला. भाजलेला. दोघी एकाच गोणपाटावर बसतात, देनारच. गोदी ओरडून सांगत होती, "रमीचा खमंग हाये, बाई!" सगळ्यायनं ऐकलं. माळ्यायचे अजून दोन लेकरं येतात, घरची भाकर खातात, ते घरी पळाले.

बुढी आली. आज चौकटीच्या अंदर आली. गोदीले हातपंपाखाली नेऊन तिच्या तोंडात बोटं घातली, लाडू काढला, चूळ भरवली, थंड्या पान्यानं डोक्याहून न्हाऊ घातलं. पोट्टी कुडकुडत होती. मले शिवी देल्ली नाई. फक्त म्हणे, "मी तुह्यावर भरोसा ठेवला व्हता वं बाई." मी म्हणलं लेकरं हायेत. ऐकाले थांबली नाई.

रमी घाबरून गोणपाटाच्या गठ्ठ्यामागं लपली होती. इचारते, "मी काय केलं?" काय सांगू. काई नाई केलं म्हणलं. खरंच काई नाई केलं तिनं.

१३ फेब्रु., बुध.

गोदी आली नाई. मळ्याच्या कुंपनापर्यंत गेली. बुढी वाफ्यात होती, माह्याकडं पाठ करून पानी देत राह्यली. घरातून गोदीचं रडणं येत होतं, खोकला बी. थंड्या पान्यानं झालं असन. लाडवाचा डबा हातात घेऊन उभी, भिकारनीसारखी. फरक इतकाच, मी द्याले उभी होती.

१५ फेब्रु., शुक्र.

आज कुंपनापाशी गोदीचं रडणं बी ऐकू नाई आलं. बेबीनं बी शेवटी रडणं सोडलं होतं. मले हे ठाऊक नसतं तं किती बरं झालं असतं.

बालवाडीत मन लागत नाई. लेकरायले रेघोट्या मारत बसवलं. कोरडे लाडू डब्यात तसेच. कोनाले देऊ? रमीले देल्ला तं घेत नाई, "तो गोदीचा" म्हणते. बाकीचे बी हात लावत नाईत. इतकं पक्कं शिकवलं मी.

१६ फेब्रु., शनि.

हे आले. सांगतलं सगळं. मले वाटलं, आता म्हणतील, मी म्हणलंच होतं.  त्यायनं इचारलं, "पोट्टी कशी हाये?" मी म्हणलं माहीत नाई. मंग कोनाड्यातून शेंगांची गोणी ओढली अन् फोडत बसले. सासूबाई बी येऊन बसल्या. तिघं बी शेंगा फोडत होतो. शेवटी तेच म्हणाले, "भाज. आता काही करायचं तं भाजूनच कर."

मी म्हणलं, घेनार कोन? 

१७ फेब्रु., रवि.

भर दुपारी शेवंता आली. डोक्यावर भाजीचं टोपलं, पन या टायमाले भाजी कोनी इकत नाई. आमच्या अंगनात आली अन् टोपलं खाली ठेवलं. एवढ्या वर्सात पयल्यांदा.

गोदी दोन दिसापासून कन्हत हाये, पेज तोंडात ठेवत नाई, थुकते. "रमीचा लाडू, रमीचा लाडू, एवढंच म्हणते." मंग शेवंता मले सरळ पाहून बोलली, "तुमच्या चुलीचाच द्या, बाई."

मी म्हणलं, बुढीले काय सांगशील?

"मी केले म्हणीन."

काल रात्री भाजलेले दाने अजून गरमच असावे असं वाटलं, इतके ताजे होते. गूळ, तीळ, खजूर, सगळं घालून तिच्यासमोर वळले, हात ओला करून. ती पाहत राह्यली. पदर आज लांब नाई धरला. लाडू पदरात बांधले, वर मेथी टाकली. जाताना माह्या हाताले हात लागला तिचा. तापलेला होता. लेकराले छातीशी धरून बसली असन रात्रभर.

हे दारात उभे होते. शेवंता गेल्यावर म्हणे, चोरून. आपलं भाजेल बी चोरूनच जाते. खरंच बोलले, पन मले त्यायचा राग आला. आज रागाले बी जागा कमी पडून राह्यली. गोदीच्या तोंडावर सूज आली म्हणून सांगतलं शेवंतानं.

१८ फेब्रु., सोम.

सकाळच्या यष्टीनं शेवंता अन् तिचा नवरा गोदीले घेऊन वाशीमच्या दवाखान्यात गेले. लाडू खाल्ला का? कितीक खाल्ला? कोनाले इचारू? दिवसभर कोनी परत आलं नाई.

संध्याकाळी चिंधी सोडली अन् चुलीत टाकली. कोरडे अन् चुलीचे एकाच डब्यात ओतले. आता काय उपेग, असं बी वाटलं. तरी ओतले.

१९ फेब्रु., मंगळ.

मी फाट्यावर बसून लिहून राह्यली. बालवाडीले आज सुट्टी देल्ली, मनानंच. घरी बसवत नाई.

बुढी सकाळपासून इथंच हाये, बाभळीखाली. मी आली तवा तिनं पाह्यलं अन् नजर वळवली. मी बी दूर बसली. एक यष्टी येऊन गेली, वाशीमची, त्यायच्यातलं कोनी उतरलं नाई. मंग बुढी उठून माह्यापाशी आली. वाकलेली, सावकाश. माह्या मांडीवरच्या डब्याकडं पाह्यलं.

"लाडू हायेत काय?"

हाव म्हणलं. अन् खरं ते सांगतलं, चुलीचे बी हायेत, सगळे मिसळले, आता निवडता येत नाई.

 उभीच राह्यली. मले वाटलं जाईन. मंग पदर पुढं केला, खाली, माह्या हातापाशी. "भूक लागेल असन तिले," म्हणे. "चार दिसाची उपाशी हाये."

मी डबाच रिता केला. तिच्या डोळ्यात पाह्याची हिंमत झाली नाई. इतके दिवस तिचा राग राग केला, अन् तिचा हात माह्या सासूबाईच्या हातासारखाच सुरकुतेल होता. मनात एकच आलं, हे आठ दिस आधी केलं असतं तं. 

आता दोघी एकाच सावलीत बसलो हाओत. पदराची गाठ तिनं मारली नाई, लाडू मोकळेच मांडीवर धरले हायेत.

वाशीमच्या बाजूनं धूळ दिसून राह्यली. यष्टी असन, नाई तं टरक. बुढी उठून उभी झाली.