पंच पाणी पेत नाही

ता. २१ मे
मेंबरं सारी फुटली. ठेकेदारानं बोलेरोत घालून प्रतापगडाला फिरवून आणली, आल्याबरोबर सुनेविरुद्ध अविश्वास पास. गुन्हा एकच, तलावाच्या पाळीचा मुरूम खोदायला सरपंच म्हणून वनितानं सही नाही दिली. पाळ फुटून तलाव गेला तं खालचं सारं धान गेलं. मेंबरांले समजत नाही असं नाही.
आता ग्रामसभेत सारं गाव चिठ्ठी टाकणार. ठेवायची का काढायची.
सायंकाळी तिले फोन. "म्याडम, जंगलाच्या रस्त्यानं स्कूटी हळू चालवत जा." आवाज गोड. मले जेवण गेलं नाही.

ता. २२
गुरुजी दूध न्यायला आले. विचारलं, सरपंच म्हणजे का जी? म्हणे, पंच पाचावरून, आणि सर फारसी, म्हणजे डोकं. पाचांचं डोकं.
"धड तं बोलेरोत बसून गेलं. डोकं कोठी ठेवू?"
ते हसले. मी नाही.
फारसी असो का काही. माहे सासरे पंच होते. ज्याचा निवाडा करायचा त्याच्या घरचं पाणी पेत नव्हते. वनिताले तेच सांगितलं. घरोघरी फिर, पण कोणाचं पाणी नको पेऊ. चहापाण्यात विकली म्हणतील.

ता. २५
नवतपा लागला, नऊ दिवस आता आग. पोरगी उन्हात फिरून राहिली. ओठ फुटले. पाणी पेत नाही.

ता. २६
घात झाला. गावाबाहेरच्या टोलीत, मजुरांच्या वस्तीत, बोलणं सुरू आहे, सरपंचीण जात पाहते, आमचं पाणी तिले चालत नाही. ठेकेदाराची माणसं हेच दारोदार सांगून राहिली. माह्या सांगण्यानं झालं. सासरे टोलीत कधी गेलेच नव्हते, हे आता ध्यानात येते.
वनिता चिडली नाही. "आई, आता पाणी मागितलं तं मतासाठी आली म्हणतील."
खरं आहे.

ता. २७
उद्या ग्रामसभा. मीच टोलीत गेली. सखूच्या दारात बसली. पाणी दे व, म्हटलं.
"एवढी वर्षं तुमच्या बांधीत धानाचा रोवणा करतो," सखू म्हणे. "आज तहान लागली का, आजी?"
बसून राहिली. मग तिनं गिलास आणला. हाती नाही देला, खाली ठेवला. आपण त्यांच्यासाठी ठेवतो तसा. प्याली.
"उद्याचं नको विचारू."
नाही विचारलं. गिलास मीच विसळून पालथा घातला. ती पाहत होती. तिच्या तोंडावरून काही समजलं नाही.