पावणेचारचा अ‍ॅक्सल आणि वर्कशॉपची किल्ली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी गाडी पळवणे व हल्ली खिडकीत बसणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणीही कानाशी लागलेले नसताना लिहीत आहे. माझे हृदय थकले आहे, डोके थकलेले नाही. तसा दाखला हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेला असून तो सोबत जोडला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. राहते घर, म्हणजे वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या, आणि खालचे वर्कशॉप, यांची मी एकटी मालक आहे. हे सर्व माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, तहहयात द्यावे व त्याच्यानंतर त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. वर्कशॉपच्या किल्लीबाबत मात्र एक अट आहे. ती कलम ५ मध्ये येईल. दादा हे मोठ्याने वाचत असेल तर त्याने इथे थांबून चष्मा पुसून घ्यावा.

कलम २. बँकेत जे काही असेल ते भाचीचे. माझे कपडे, पुस्तके व रेडिओ ज्याला हवे त्याने न्यावेत. डाव्या पायाचा लोखंडी पट्टा कोणी आठवण म्हणून ठेवू नये. लहानपणीच्या आजारात तो पाय गेला आणि पट्टा आला. माझे त्याच्याशी कधीच जमले नाही.

कलम ३. लाल गाडी. दोन दारांची, आठ सिलिंडरची, ऑटोमॅटिक. हिच्यासाठीच एवढा कागद खर्ची घालते आहे.

मी वयात आले तेव्हा घरात सगळ्यांनी ठरवून टाकले होते की ही मागच्या सीटवर बसणार. क्लच दाबायला डावा पाय लागतो, तो मला नव्हता. दादा एकटा म्हणाला, "क्लच नसलेली गाडी आणू की! त्यात काय एवढं?" ही गाडी त्याने अपघातात चेपलेल्या अवस्थेत आणली आणि उभी केली. सरळ धावपट्टीवरच्या शर्यतीत मी पहिल्यांदा उतरले तेव्हा बाकीचे गिअरवाले हसले. ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाची गाडी, असा त्यांचा समज. मला त्यांनी 'गोगलगाय' नाव ठेवले. ते मला पुढे इतके आवडले की खाली सहीतही घातले आहे.

पहिल्या शर्यतीत मी हरले. दादाला म्हटले, "मागचा रेशो बदल, मला वेग पाहिजे." मागचे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, तो हा आकडा. आमच्या गाडीला कारखान्यातूनच सव्वातीनचा होता. आकडा वाढवला की गाडी जोराने सुटते, पण इंजिनाचा दमही लवकर संपतो.

दादाने पाना खाली ठेवून विचारले, "तुला पोचायचंय कुठं?"

"अरे, पहिलं यायचंय!"

"ते कळलं गं. पण कुठवर?"

मी चिडले. पण पुढच्या शर्यतीला हा माणूस सुटायच्या जागी, जिथे सगळे मेकॅनिक गर्दी करतात, तिथे थांबलाच नाही. पार शेवटच्या रेषेपाशी जाऊन उभा राहिला. मी रेषा ओलांडली तेव्हा इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये अजून चढतच होते, ते त्याने कानाने टिपले. घरी येताना म्हणाला, "दम शिल्लक ठेवून पोचलीस. तो रेषेवरच खर्च व्हायला हवा." ऑटोमॅटिकला क्लचच्या जागी तेलाने भरलेला कन्व्हर्टर असतो. सुटताना तोच गाडीला जादा रेटा देतो, म्हणून मागे उगाच मोठा आकडा घालायचे कारण नसते. बाकीचे सुरुवातीकडून विचार करत, दादा शेवटाकडून मागे येत असे. त्याने पावणेचार निवडला. त्यानंतर पुष्कळ वर्षे मी हरायचे विसरले.

माझ्या भावासारखा कारागीर मी पाहिला नाही. हा आकडा ठरवणाऱ्या, मागच्या अ‍ॅक्सलमधल्या क्राउन आणि पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीला पिवळा रंग लावून, हाताने फिरवून, ठसा दाताच्या बरोबर मध्ये येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा खोलायचा. गाडी मी चालवली, लोकांनी टाळ्या मला दिल्या. त्याला कधी त्याचे वाईट वाटले नाही. मला वाटत असे. ते इथे लिहून ठेवते.

कलम ४. मावसभावास. दादा अपेंडिक्ससाठी दवाखान्यात असताना या गृहस्थाने "ऑटोमॅटिक मंद असते, तिला मोठाच आकडा हवा" असे ठासून सांगत माझ्या गाडीत सव्वाचार बसवला. सुटताना टायर जागच्या जागी फिरून धूर झाला, आणि रेषा येण्याच्या बऱ्याच आधी इंजिन किंचाळून थकले. शेवटी एक कुटुंबवत्सल चारदारी गाडी माझ्या शेजारून पुढे गेली. तिच्यात मागे छत्री ठेवलेली मी पाहिली. सबब, ते सव्वाचारचे क्राउन-पिनियन मी मावसभावास देते. त्याने ते दिवाणखान्यात सगळ्यांना दिसेल असे ठेवावे. जोडी फोडू नये. ते दात एकमेकांशीच जुळतात, तिसऱ्याशी नाही.

कलम ५. लाल गाडी मी भाचीला देते.

भाची जनावरांची डॉक्टर आहे. रोज सकाळी हमरस्त्याने लांबलांबच्या गोठ्यांवर जाते. मी आजारी पडल्यावर एक दिवस तिने गाडी नेली. संध्याकाळी कपाळ दाबत परत आली. पावणेचारवर आणि तीनच गिअरवर हमरस्त्याला इंजिन सारखे ओरडत राहते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, मागचं बदललं तर चालेल?"

मी तोंड उघडायच्या आत दादा कडाडला, "हात लावायचा नाही! तो आकडा तिचा आहे."

गाडी पुन्हा पोरीने मागितली नाही. तेव्हापासून दादा दर रविवारी गाडी पुसतो, थोडी सुरू करतो, बंद करतो आणि वर कापड टाकतो. नवीन काम घेत नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे धाडतो. मला खिडकीतून सगळे दिसते. मी गेल्यावर हा त्या कापडाशेजारी स्टूल टाकून बसणार आणि तिथेच संपणार, हे मला लख्ख दिसते आहे. मला मरणाची भीती वाटत नाही, त्या स्टुलाची वाटते.

म्हणून अट अशी. मी गेल्यानंतर वर्कशॉपची किल्ली कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे राहील. लाल गाडी तेवढी त्याने भाचीला बाहेर काढून द्यावी. दादाने त्या गाडीत भाचीच्या शेजारी बसून तिच्या रोजच्या रस्त्यावर, तिच्या रोजच्या वेगाने, फिरून यावे. मग किल्ली मिळेल. मग मागचा अ‍ॅक्सल उघडून माझा पावणेचार बाहेर काढावा आणि तिला जमेल तो रेशो बसवावा. कारखान्याची सव्वातीनची जोडी तेलाच्या फडक्यात बांधून फळीवर आहे. साडेतीन हवा असेल तर नवा आणावा. कुठला, ते मी सांगणार नाही. ते त्याचे काम आहे आणि त्याच्याइतके ते कोणाला येत नाही. स्पीडोमीटरचे छोटे चाकही बदलावे, नाहीतर काटा खोटे बोलेल.

काढलेला पावणेचार विकून टाकावा. कपाटात ठेवू नये.

दादा, रेशो माणसासाठी असतो, माणूस रेशोसाठी नसतो, हे मला तूच शिकवलंस. मी माझ्या रेषेवर दम संपवून पोचते आहे, अगदी तू म्हणायचास तशी. आता तिला विचार, तुला पोचायचंय कुठं.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि मला पटले.

सही: गोगलगाय
ठिकाण: वर्कशॉपच्या वरची खोली, खिडकीपाशी
दिनांक: ९ मार्च

साक्षीदार म्हणून दादाला घेतलेले नाही. ज्याला मिळायचे त्याने साक्ष देऊ नये असे वकील म्हणतात, शिवाय त्याने प्रत्येक कलमावर हुज्जत घातली असती.

बाईंनी आम्हां दोघांसमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: शेजारच्या दातांच्या डॉक्टर. सही.

साक्षीदार २: कोपऱ्यावरचा टायरवाला. सही. किल्लीची जबाबदारी मी घेतली आहे. मला ती वापरायची काही घाई नाही, असं मी बाईंना म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुला घाई कधी होती? टायर द्यायलासुद्धा आठवडा लावतोस." मग खाली दादांनी गाडी सुरू केली आणि ती बंद होईपर्यंत त्या खिडकीकडे कान लावून बसल्या.