नानाय साबिनांचा नळ

रविवार, ९ मार्च. दुपारी २.१०

काल काय झाले, क्रमाने:

१. पहाटे ५.०० वाजता चॅपलच्या बाप्तिस्म्याच्या हौदात पाणी सोडले. ९.१० ला कमरेइतके भरले. माझा अंदाज ९.१५ चा होता.
२. पांढरा झगा, टॉवेल, छापलेली कार्यक्रमपत्रिका: तयार.
३. एल्डर टुआला मुलाखत घ्यायला ९.३० पासून बसून होता. (आमच्या विभागातल्या मिशनऱ्यांचा प्रमुख. सामोआचा, वय वीस. त्याने सही केल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही.)
४. १०.०० पर्यंत बावीस माणसे जमली.
५. नानाय साबिना आल्या नाहीत. (नानाय म्हणजे आई; इथे वयस्कर बाईला असेच म्हणतात. बाप्तिस्मा त्यांचाच होता.)
६. १०.५० ला मी आणि माझी जोडीदार सिस्टर आब्रेनिका त्यांच्या घरी गेलो. दार बंद. आतून भात शिजल्याचा वास. बाहेर चपला.
७. शेजारीण म्हणाली, त्या पहाटेच बहिणीकडे गेल्या, पलीकडच्या बेटावर.
८. ११.३० ला हौदाचे बूच काढले.

निष्कर्ष: वाहतुकीची अडचण. चपलांचा दुसरा जोड असणार. भाताचे स्पष्टीकरण अजून सापडलेले नाही, पण ते महत्त्वाचे नाही.

सिस्टर आब्रेनिका कालपासून गप्प आहे. ती याच देशातल्या सुरिगावची, तिकडची माणसे मितभाषी असावीत.

सोमवार, १० मार्च

सुट्टीचा दिवस. कपडे धुतले. आईचा ईमेल आला: "आम्ही सगळे रडलो. बिशपनी रविवारी सभेत वाचून दाखवलं."

घरचे पत्र मी शुक्रवारीच लिहून ठेवले होते, शनिवारी आपोआप जाईल अशी वेळ लावून. त्यात बाप्तिस्मा झाला असे लिहिले होते. पत्र वेळेवर गेले.

दुरुस्ती पाठवण्याचा विचार केला. गरज नाही. फक्त तारीख चुकली आहे, घटना नाही. ती झाली की पत्र बरोबर ठरेल.

इथे सोळा महिने झाले. बाप्तिस्मे: शून्य. उरलेले महिने: दोन. शांत आहे.

मंगळवार, ११ मार्च

नानाय साबिना घरी होत्या. बहीण अचानक आजारी पडली म्हणाल्या. बिस्किटे दिली, पंखा आमच्याकडे वळवला. २२ तारीख चालेल का, विचारले. "हो, पोरी." नक्की? "हो हो." वाहन पाठवू? "पाठव की."

तीन प्रश्न, तीन होकार.

परतताना सिस्टर आब्रेनिका वाटेत थांबली आणि म्हणाली, "सिस्टर, तू तिचा नळ दुरुस्त केलास. आता ती तुला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?"

नोंदीसाठी: त्यांच्या घराकडची पाण्याची लाइन माडाच्या मुळाखाली दबली होती. अडुसष्ट वर्षांची बाई उतारावरच्या सार्वजनिक नळावरून रोज तीन खेपा करत होती. मी जानेवारीत अकरा मीटर पाइप बदलला आणि नवा नळ बसवला. कॉलेजात दोन वर्षे हेच शिकले आहे. पाणी १४ जानेवारीला आले. बाप्तिस्म्याला होकार १६ जानेवारीला. मध्ये पूर्ण दोन दिवस आहेत, म्हणजे संबंध नाही.

तिला हे समजावले. ती म्हणाली, "तारखा तुझ्याजवळ आहेत, सिस्टर. गाव माझ्याजवळ आहे."

शुक्रवार, १४ मार्च

आठवड्याचे नियोजन. शेवटी नियमाप्रमाणे एकमेकींचे दोष सांगणे. मी तिचे पाच लिहून आणले होते. तिने माझा एकच सांगितला: "तू प्रश्न विचारतेस आणि समोरच्याचं उत्तर स्वतःच धरून बसतेस."

लिहून घेतले. सुधारणा: प्रश्न विचारल्यावर चार सेकंद थांबणे.

नानायकडे प्रयोग केला. कॉफी सोडली का? (बाप्तिस्म्याआधी सोडावी लागते.) एक, दोन, तीन, चार. "सोडली." घरात कॉफीचा वास होता. भाजलेल्या मक्याची आहे म्हणाल्या. मक्याची चालते.

सोमवार, १७ मार्च

घरच्यांशी आठवड्याचा कॉल. आईने नानायचा फोटो मागितला, पांढऱ्या झग्यातला. नेटवर्क खराब आहे सांगितले. सिग्नलच्या चारही रेघा पूर्ण होत्या.

मंगळवार, १८ मार्च

एक नवी माहिती मिळाली. ती आधी मिळायला हवी होती. या भागात कोणी गेले की त्या घरी नऊ दिवस प्रार्थना चालते आणि ती म्हणायला नानाय साबिनांना बोलावतात. एकतीस वर्षे. सगळे पाठ आहे. ही प्रार्थना आमच्या पंथात नाही, म्हणून बाप्तिस्म्यानंतर हे बंद होईल, असे मी त्यांना सांगितले.

"मग कोण म्हणेल?" त्यांनी विचारले.

काम दुसऱ्या कोणाला शिकवता येते, मी म्हटले. वाटल्यास वेळापत्रक करून देते.

त्या खूप हसल्या. सिस्टर आब्रेनिकाला काहीतरी म्हणाल्या. तीही हसली, मग हसायची थांबली. बाहेर आल्यावर विचारले तर म्हणाली, "त्या म्हणाल्या, पोर चांगली आहे, हिला कुणीतरी लवकर घरी न्या."

शेजारच्या नानाय लुद्रिंग आजारी आहेत. मूत्रपिंड. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. लुद्रिंगना नानायनी शब्द दिला आहे की तुझे नऊ दिवस मीच म्हणेन.

निश्चय: २२ पर्यंत काही होऊ नये म्हणून प्रार्थना. माझीच वही आहे, म्हणून लिहिते: ही प्रार्थना मला स्वतःलाही नीट वाटली नाही.

बुधवार, १९ मार्च

लुद्रिंग पहाटे गेल्या.

दुपारी चारचा आमचा धर्मपाठ ठरला होता, तो घेतला. नानाय स्वतःच म्हणाल्या, "बसा, बसा, ठरलंय ना." शेजारी प्रार्थना चालू होती. म्हणायला कोणी नव्हते म्हणून फोनवर लावली होती. मध्येच एक जाहिरात वाजली. कोणीतरी फोन बदडला. पुन्हा पहिल्यापासून.

मी पश्चात्तापावर बोलत होते. नानाय भिंतीकडे पाहत होत्या. ओठ हलत होते.

नोंद: एकाग्रता कमी. परत घ्यावा लागेल.

सिस्टर आब्रेनिका रस्ताभर रडली. तिला पाणी दिले. काय झाले विचारून चार सेकंद थांबले.

शुक्रवार, २१ मार्च

मुलाखत. या वेळी आदल्या दिवशी ठेवली, जोखीम कमी करण्यासाठी. नानाय वेळेवर आल्या. इस्त्री केलेला फ्रॉक, केस तेल लावून बांधलेले. मीच आत सोडले.

साधारण पंचवीस मिनिटे लागतात. एल्डर टुआला बारा मिनिटांत बाहेर आला. नानायना आत बसवून मला व्हरांड्यात बोलावले.

"मी सही करणार नाही, सिस्टर थॉर्नली."

कुठला प्रश्न चुकला, विचारले.

"एकही नाही. सगळ्याला हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, बाबा, आता तू एक सांग. एवढं केलं की नळाचं फिटलं ना?"

मी म्हटले की भाषेचा घोटाळा असेल. तो म्हणाला, "माझी आजी पण असंच बोलते. घोटाळा नाही."

तो मोठा, धिप्पाड मुलगा आहे. सही न केलेल्या कागदाला त्याने चार घड्या घातल्या.

शनिवार, २२ मार्च

हौद कोरडा. चर्चच्या जिल्हा कार्यालयाला फोन: कार्यक्रम पुढे ढकलला. तारीख नंतर.

दुपारी "पुढे ढकलला" खोडून "रद्द" लिहिले. मग पुन्हा उलट केले.

सोमवार, २४ मार्च

सकाळी आमच्या फाटकाला प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली होती. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नळ. घासून पुसून चकचकीत. मी बसवला तेव्हा इतका स्वच्छ नव्हता.

आम्ही दोघी गेलो. पाइपच्या टोकाला लाकडी खुंटी ठोकलेली. नानाय उतारावरून दोन डबे घेऊन वर येत होत्या. मी एक डबा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी डबा दुसऱ्या बाजूला केला.

"नको, पोरी. आता आपलं बरोबर झालं."

आवाज बसला होता. शनिवारपासून लुद्रिंगच्या घरी त्याच म्हणत आहेत. पहिले तीन दिवस चुकले, म्हणून तीन दिवस वाढवून देणार आहेत, असे सिस्टर आब्रेनिकाने सांगितले.

बिस्किटे विचारली नाहीत. रागावलेल्या नव्हत्या. मी अनोळखी माणूस असल्यासारखे नीट बोलल्या.

तीन खेपा, प्रत्येकी दोन डबे, डबा दहा लिटर. रोज साठ किलो. हे माझ्या आधी त्या करतच होत्या, असे एक वाक्य लिहिले होते. खोडले.

आईला लिहिले: बाप्तिस्मा झाला नाही. ८ तारखेलाही झाला नव्हता. मला ते तेव्हाच माहीत होते. बिशपना सांग.

या वेळी वेळ लावली नाही. लगेच पाठवले.

गुरुवार, २७ मार्च

बदली आली. मंगळवारी सकाळच्या बोटीने दुसरे बेट, शेवटचे सहा आठवडे. सिस्टर आब्रेनिका इथेच राहणार. तिने मागितले होते का, विचारले. "हो," म्हणाली. मग माझी बॅग भरायला बसली. मी सांगितले नव्हते.

नानायना चिठ्ठी लिहिली. पहिला मसुदा दोन पाने, पाइपच्या आकृतीसह. सिस्टर आब्रेनिकाने वाचला. "यात तू परत तिला समजावतेस," म्हणाली आणि बहुतेक खोडला. उरले ते तिने त्यांच्या भाषेत उतरवले. उद्या नेऊन देईल. मी फाटकाबाहेर, सिस्टर आब्रेनिकाला दिसेन इतक्या अंतरावर थांबेन (जोडीदारांनी एकमेकींच्या नजरेआड जायचे नाही, असा नियम आहे). प्रत इथे ठेवते:

नानाय साबिना,

नळ तुमचा आहे. त्याच्या बदल्यात मला काही नको. जानेवारीतच हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण मला हवं होतं.

परत बसवायला वीस मिनिटं लागतात. तुम्ही घरी नसताना येऊन बसवीन. पाठ होणार नाही, प्रश्न होणार नाहीत. मी मंगळवारी जाते आहे.

बसवू का, एवढंच सिस्टर आब्रेनिकाजवळ सांगा. नाही म्हणालात तरी चालेल. सोमवार, ३१ तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत कळवा.