वहिनीची डबी

४ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि. तुमच्या मागच्या खोलीत चेहऱ्याच्या पावडरी चाळणं जोरात चाललंय असं कळलं. प्रत्येक नवी भुकटी आधी माझ्या कानामागे लावून बघायची तुमची रीत. घरातलं सगळ्यात नाजूक कातडं माझं, हे मी केव्हाच मान्य केलंय. यंदा मात्र एक मागणं आहे. बातम्या वाचायच्या नोकरीसाठी सोमवारी कॅमेऱ्यासमोर चाचणी आहे. इतकी वर्षं घरात काढल्यावर कुणीतरी बोलावलंय, वन्सं. चमक यावी म्हणून तुम्ही बिस्मथ घालता, त्याने माझा चेहरा पेटतो. तेवढं वगळून एक डबी द्या. यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.
माया आहेच, डबीसोबत थोडी जास्तीची पाठवा.
तुमची वहिनी

७ मार्च

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि. डबी न्यायला दादा आलाय, त्याच्याच हाती पत्रही देते. बिस्मथचा कणही नाही, निव्वळ अभ्रक आणि जस्त. कानामागे लावत बसू नकोस, मागे तुला सोसली होती तीच आहे. दिव्यांखाली चेहरा फिका दिसतो, म्हणून दोन थर दे. बायको पडद्यावर गेली की तुझं कसं होणार, असं दादाला चिडवलं, नुसता हसला.
जिंकून ये आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझी नणंद

१२ मार्च

वन्सं,
नमस्कार लिहवत नाही. नाव पुकारेपर्यंत माझ्या पापण्या सुजून मिटल्या होत्या. तिथल्या मेकअपवालीने ओलं फडकं दिलं आणि घरी जायला सांगितलं. ते पुन्हा बोलावणार नाहीत. नंतर उजेडात डबीतली पावडर मनगटावर चोळून बघितली, तीच मोतिया चमक. यांनी रजा काढली, दिवसभर चेहऱ्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवतात. इतक्या मायेने कधी वागले नव्हते. तुम्ही माझं तोंड जाळलंत, हे मी नात्यातल्या एकेकाला सांगणार आहे.
लोभ मागू नका.
वहिनी

१५ मार्च

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि. खुशाल सांग, पण सगळं खापर माझ्या माथी नको. तुझी डबी मी वेगळी काढून ठेवली होती. बिस्मथ दादाने घालायला लावलं. मागचं पत्र त्याने समोर बसून लिहून घेतलं. कानामागे लावू नकोस, हे वाक्य त्याचंच. मी म्हटलं चिमूटभर पुरे. तो म्हणाला, तेवढ्याने नुसती खाज येईल, हिला दारातूनच परत पाठवलं पाहिजे.
सूज आठवड्यात उतरेल. तोवर घड्या ठेवू दे त्याला. लहानपणी त्यानेच माझा हात चुलीवर धरला, तेव्हाही त्याने अशाच मन लावून ठेवल्या होत्या.
राग ओसरला तर थोडा लोभ माझ्यासाठी ठेव.
तुझी नणंद