झाडाच्या फोटोत कुणी नको

अण्णा, कचऱ्याचा डबा ओढत गॅरेजमध्ये नेला, तरी शेजारची व्हॅन फ्रेममध्ये येतेच आहे. डावीकडे सरकले की विजेची तार, उजवीकडे सरकले की लेटरबॉक्स. ऊन छपरावरून उतरायला लागलंय आणि उद्या सकाळी सिटीची माणसं झाड कापायला येणार आहेत. आमच्या दारातलं अ‍ॅशचं झाड. ट्रॉय गावातलं हे घर मी ह्या झाडाकडे बघून पसंत केलं. नवऱ्याला अजून वाटतं, किचन बघून. ऑक्टोबरात ते बाहेरून जांभळं आणि आतून पिवळं होतं, धूपछाव साडीसारखं. आता मिशिगनभर एक हिरवा किडा आलाय, सालीखालून झाड पोखरतो. वरच्या फांद्या उन्हाळ्यातच वाळल्या. रंग उरलाय तो खालच्या अर्ध्यात, आणि तोही गळतोय.

दर वर्षी मी ह्या झाडाचे फोटो काढत आले, असं मला वाटत होतं. काल अल्बम उघडले. एकातही झाड नाही. सासूबाई आहेत, साडीवर नवऱ्याचं जॅकेट चढवून. मुलगी आहे, दर वर्षी थोडी उंच. पुण्याहून आलेले पाहुणे ओळीने उभे आहेत, उन्हाने डोळे बारीक करून. मागे खोडाचा तुकडा आणि कानांच्या बाजूला थोडा जांभळा रंग. मुलगी हसत सुटली. म्हणाली, "आई, आपल्याकडे ताजमहालचा पण फोटो नाहीये. ओन्ली काकू."

हे तुमच्याकडून आलं. शाळेच्या सहलीला तुम्ही मला आपल्या स्टुडिओतला जुना कॅमेरा दिला होता, आणि मी माळावरच्या पळसाचा फोटो काढला, पानं झडून नुसता फुललेला. डार्करूममध्ये तुम्ही ओला प्रिंट चिमट्याने उचलून धरता. लाल दिव्यात मी तुमच्या कोपराशी उभी आहे. फुलं काळी आली आहेत. कृष्णधवल रोलवर लाल फुलं अशीच येतात. "ह्यात माणूस कुठाय?" म्हणता. "माणसाशिवाय झाडाची उंची कशी कळणार?" प्रिंट तारेवर लावता आणि पुढच्या कामाला लागता. कुणी बागेचा फोटो काढायला बोलावलं, तर तुम्ही आधी तिथल्या माणसाकडे खुर्ची मागायचात, कुणाला तरी बसवायला. मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नव्हतं. तरी पुढे आयुष्यभर कॅमेरा हातात आला की मी कुणाला तरी हाक मारत राहिले.

आज कुणाला हाक मारायची नाही असं ठरवलं. उंची कळून करायचं काय, उद्या उंचीच राहणार नाही. व्हॅन हलवाल का, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं. ते मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेत. त्यांचं झाड गेल्या वर्षीच गेलं. व्हॅन मागे घेता घेता म्हणाले, आता त्यांच्या हॉलमध्ये दुपारी टीव्ही दिसत नाही, इतकं ऊन येतं. मग मी काढत सुटले. जवळून, लांबून, गवतावर बसून. डिजिटल कॅमेरा, रोल संपायची भीती नाही, आणि हात थांबेना. छोट्या पडद्यावर बघितलं तर दर वेळी एक झुडूप. कुंडीतलं म्हटलं तरी खपलं असतं.

ऊन फक्त खोडावर उरलं तेव्हा मुलीला बाहेर बोलावलं. तिला वाटलं, नेहमीसारखं उभं राहायचं. मी कॅमेरा तिच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन खोडाला पाठ लावून उभी राहिले, हात सरळ, हनुवटी किंचित खाली, तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात तशी. ती मागे मागे जात रस्त्यापर्यंत गेली.

"आई, मूव्ह ना थोडी. झाड दिसत नाहीये."

तुम्ही गेलात, हे आता कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मला ऐकू आलं होतं. मी हलले नाही.

सकाळी माणसं आली. त्यांच्यातल्या एकाने दार वाजवून ड्राइव्हवेतली गाडी काढायला सांगितली. मी काढली, आणि त्याच गाडीने ऑफिसला गेले.