काळूतला माणूस

१२ जानेवारी, सोमवार
निर्णय झाला. पिक्चर काढायचा. पंकजच्या कॉमिकवर. नाव तेच ठेवणार, ‘काळूतला’. अकरा वर्षं लग्नाच्या शूटिंगमध्ये गेली, शहापूर तालुक्यात माझ्याइतक्या हळदी कोणी बघितल्या नसतील. पण ती कला नव्हे. सध्या मुहूर्त नाहीत, कॅमेरा रिकामा आहे. फेब्रुवारीअखेर रिलीज.
वहीही आजपासून. मोठे डायरेक्टर लिहितात म्हणे.

१३ जानेवारी
स्टोरी लिहून ठेवतो, पुढे गोंधळ नको. चार माणसं एकाला मारून काळू नदीत टाकतात. वर्षाने तो पाण्यातून वर येतो. तोंड काळं, डोळे पांढरे. चौघांना एकेक करून गळा दाबून मारतो. पंकजने बारावीत असताना बॉलपेनने काढलंय, चौसष्ट पानं. अभ्यास सोडून हे करतो म्हणून मीच त्याला बोललो होतो.
कॉमिकमध्ये चौथा माणूस सरपंच आहे. मी टेम्पो ड्रायव्हर केला. सिनेमाला बदल लागतात.
गेल्या मे महिन्यात टोकावड्याच्या वळणावर पंकज टेम्पोखाली गेला. सव्वीस वर्षांचा होता. माझा धाकटा भाऊ. याचा स्टोरीशी काही संबंध नाही, सहज लिहिलं.

१५ जानेवारी
हिरोचा प्रश्न सुटला. मीच. अक्षदा म्हणाली, तुझं पोट. तिला सांगितलं की पाण्यातलं प्रेत फुगतंच. बायकोला सिनेमा समजावणं अवघड.
कॅमेरा तीच धरणार. रविवारी तिला कंपनीला सुट्टी असते.

१६ जानेवारी, सकाळ
हिरोला राग हवा. खूप. मला तो येत नाही. मे महिन्यापासून तसं काहीच येत नाही, मन घट्ट आहे. दहाव्याला सगळे रडले, मी मंडपवाल्याशी खुर्च्यांचं बोलत होतो. कोणीतरी बोलायला हवं होतं.
ठराव: रोज सकाळी अर्धा तास आरशापुढे राग.

१६ जानेवारी, दुपार
केला. आईने बघितलं आणि ओव्याचं पाणी आणून दिलं. पोटात दुखतंय असं वाटलं तिला.

१८ जानेवारी, रविवार
मेकअप टेस्ट. तव्याची काजळी आणि खोबरेल तेल. आई अंगणात तांदूळ पाखडत होती, म्हणाली बोहाड्यातलं मुखवट्याचं सोंग दिसतंय. मग सूप खाली ठेवून बराच वेळ बघत राहिली. विचारलं, पंक्यानी असाच काढलाय काय. हो म्हटलं. परत पाखडायला लागली.
काजळी निघत नाही.

१९ जानेवारी
निघाली नाही. दुकानात दोघं आधार कार्डाचा फोटो काढायला आले होते, बघून गेले.
राग: दहा मिनिटं. मग चहा.

२२ जानेवारी
लोकेशन बघायला टोकावड्याला गेलो. वळणाच्या अलीकडे एक ढाबा आहे, दिसायला फिल्मी. तिथे मागच्या बाजूला कांदा चिरायला भगीरथ बसतो. टेम्पो तोच चालवत होता. जामीन झाला, मुरबाडच्या कोर्टात तारखा पडतायत. टेम्पो त्याने सोडला. मी गेलो तेव्हा तो होता, हा योगायोग. मागच्या तिन्ही वेळाही योगायोगच होता.
त्याने वर बघितलं नाही. मी दोन मिसळ खाल्ल्या. लोकेशन रिजेक्ट.

२५ जानेवारी, रविवार
शूटिंग दिवस पहिला. सीन: काळूतून प्रेत वर येतं. काळूत पाणी गुडघाभर. आडवा झालो तर पोट वर राहत होतं. अक्षदाने फ्रेम बदलून बघितली. चौथ्या टेकला बुडालो, वर आलो तेव्हा बाजूला म्हैस. पाचव्याला ती जवळ आली. अक्षदा म्हणाली, म्हैस तुझ्यापेक्षा रागात दिसते.
रात्रीचा सीन आहे. दुपारीच घेतला, अंधार मोबाईलमध्ये टाकता येतो.

२६ जानेवारी
अंगात ताप. अंधार टाकून बघितला. काहीच दिसत नाही. हॉररला ते चालतं.

३० जानेवारी
तीन खलनायक कॅन्सल. एकाच्या आईने नदीत पाठवायचं नाही म्हटलं, दुसऱ्याला कंपनीत नाइट लागली, तिसरा हो म्हणून फोन उचलत नाही. बरं झालं. एकच खून ठेवतो. परिणाम एका खुनाचाच जास्त होतो.
राहिला टेम्पो ड्रायव्हर. त्याला खरा चेहरा हवा.

१ फेब्रुवारी, रविवार
टोकावड्याला जाऊन भगीरथला रोल दिला. सीनमध्ये मी त्याचा गळा दाबणार. स्क्रीनवर त्याला मारायचा, शंभर जणांनी बघायचं, आपलं काम झालं. ही आयडिया मला इतके महिने सुचली नव्हती यावर विश्वास बसत नाही. मन घट्ट असल्याचा फायदा.
तो कांदा चिरत होता, डोळ्यांना पाणी होतंच. बोलायला लागंल काय, त्याने विचारलं. नाही म्हटलं, फक्त मरायचं. रविवारी येतो म्हणाला. चहा दिला. प्यायलो.
अक्षदाला सांगितलं. दोन दिवस बोलणार नाही असं दिसतंय.

५ फेब्रुवारी
चार दिवस झाले.
राग: वीस मिनिटं. आज थोडा आल्यासारखा वाटला. ॲसिडिटी निघाली.

८ फेब्रुवारी, रविवार
सगळं क्रमाने लिहितो.
भगीरथ अकराच्या एसटीने आला. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. अक्षदाने कॅमेरा लावला, त्याच्याकडे न बघता. मी काजळी फासली. तो काठावर गुडघ्यांवर बसला, मी मागून पाण्यातून आलो. गळ्यावर हात ठेवले. बारीक गळा आहे. कंठ हलत होता, ते हाताला कळत होतं. मी राग आणला. आला नाही. अक्षदा म्हणाली, तू मालिश करतोयस. दुसरा टेक. तसाच.
तिसऱ्या टेकला तो पुढे बघतच म्हणाला, “दाबा ना भाऊ. मी काय करनार नाय.”
मी हात तसेच ठेवले. मग तो म्हणाला, “त्यो जिता होता अर्धा तास. तुमचा नंबर त्यानंच सांगितला. मी तीन वेला लावला. तुमी उचलला नाय.”
मी लाइट गेली म्हटलं. पॅकअप.
लाइट होती. दुपारचा एक वाजला होता.
भगीरथने विचारलं, पुन्हा कधी येऊ. कळवतो म्हटलं. त्याने नदीत तोंड धुतलं. माझ्या हातांची काजळी त्याच्या गळ्याला लागली होती, ती तशीच घेऊन स्टँडकडे गेला.
घरी येताना गाडी अक्षदाने चालवली.

९ फेब्रुवारी
दुकान उघडलं नाही. राग केला नाही.
पंकज गेला त्या दिवशी सापगावात हळद होती. फोन सायलेंटवर, बॅगेत. रिंग वाजली की व्हिडिओच्या आवाजात येते, पार्टी बोलते. जेवायच्या वेळी बघितला तर अनोळखी नंबर, तीन मिस्ड कॉल. क्रेडिट कार्डवाले असतील म्हणून ठेवून दिला. उष्टी हळद संपेपर्यंत मी चांगले अँगल घेत होतो. मग मुरबाडहून पोलिसांचा फोन आला.
हे मला माहीत होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. या वहीलाही नाही.

१० फेब्रुवारी
अक्षदाने परवाचं फुटेज लावलं. कॅमेरा चालूच होता, भगीरथचा आवाज स्वच्छ आलाय. तिने पूर्ण ऐकलं. ताट वाढलं, समोर बसून राहिली. मी जेवलो. दोन भाकऱ्या.
आईला ऐकवायचं नाही असं ठरवलं. आई दारातच उभी होती.
आई आत आली आणि म्हणाली, “फोन लावला व्हता म्हंजे यकटा नव्हता रे त्यो.” मग भांडी घासायला गेली.

११ फेब्रुवारी
जुने कॉल शोधले. नंबर सापडला. सेव्ह केला. नाव काय टाकावं कळेना, शेवटी ‘भगीरथ टोकावडे’ टाकलं. कळवतो म्हटलं होतं, म्हणून लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला. पिक्चर सध्या थांबलाय, असं सांगितलं. बरं म्हणाला. दोघांनीही ठेवला नाही. मागे कोणीतरी कांदा मागत होतं. मग विचारलं, पंकज आणखी काय बोलला. तो म्हणाला, पानी मागितलं, दिलं.
राग नाही. दुसरंही काही नाही. हात थोडे गार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
मुहूर्त सुरू झाले. किन्हवलीला हळद. पार्टीला ड्रोन हवा होता, नाही म्हटल्यावर तोंडं वाकडी झाली.
फोन सायलेंटवर टाकला नाही. नवरीला हळद लावताना वाजला, बेंजो नेमका थांबलेला होता. मामाने बघितलं. अनोळखी नंबर. कॅमेरा खाली ठेवून उचलला. एक बाई होती, क्रेडिट कार्डवाली. तिने सगळं सांगितलं, मी सगळं ऐकलं. मंडपाच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. शेवटी तिने विचारलं, सर, तुम्ही आहात ना लाइनवर.
आहे म्हटलं.